रिपोर्टवर ‘१६’ आलंय, आता पुढे काय?

पत्र

मॅडम,

माझं वय ३८. लग्नाला १४ वर्षं झाली, १२ वर्षांची एक मुलगी आहे. मला काही त्रास नव्हता. मैत्रीण गर्भाशयमुखाची तपासणी करायला निघाली होती, तिच्या सोबतीने मीही करून घेतली. दोघींचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. माझ्यावर लिहिलंय: ‘एचपीव्ही १६ – आढळला. एचपीव्ही १८ – नाही. इतर उच्च-जोखीम प्रकार – नाहीत. पॅप तपासणी – सामान्य.’ मैत्रिणीच्या रिपोर्टवर १६ आणि १८ नाहीत, पण ‘इतर उच्च-जोखीम प्रकार – आढळले’ असं आहे. तिचीही पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी सामान्य. तिला डॉक्टर म्हणाले, वर्षभराने परत या. मला म्हणाले, कोल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून बघायची तपासणी) करून घ्या. विषाणू दोघींना, पेशी दोघींच्या चांगल्या, मग मलाच का?

तेव्हापासून झोप उडाली आहे. रात्री मोबाइलवर वाचत बसते. १६ म्हणजे कॅन्सरचा नंबर, हेच जिथे तिथे. नवऱ्याला अजून बोलले नाही. लग्नाआधी त्यांना तिथे चामखिळी झाल्या होत्या आणि त्या काढून टाकल्या होत्या, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. हे तेव्हाचंच आहे का? की आताचं काही? हा विचार डोक्यातून जात नाही. मुलगी कधी कधी माझा टॉवेल वापरते, तिला लागण होईल का? तिला लस द्यावी का? मी स्वतः घ्यावी का? आणि मला आता मूल नको आहे, तर गर्भाशयच काढून टाकलं तर प्रश्न संपेल ना?

कोल्पोस्कोपीची तारीख मी दोनदा पुढे ढकलली आहे.

— एक वाचक

उत्तर

ताई,

आधी ती तारीख. आता तिसऱ्यांदा ढकलू नका. जमलं तर पुढचं वाचण्याआधीच फोन करा आणि मिळेल ती जवळची वेळ घ्या. धावत सुटावं असं तुमच्या रिपोर्टमध्ये काहीही नाही. आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाले म्हणून या बाबतीत काही बिघडत नाही. पण भीतीपोटी ढकललेली तारीख आधी महिन्यावर जाते, मग वर्षावर, आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्यांच्यात उशिरा सापडतो त्यांच्यापैकी खूप जणींची एक तर कधी तपासणीच झालेली नसते, नाहीतर तपासणीनंतरचं पुढचं पाऊल राहून गेलेलं असतं. त्रास नसताना तुम्ही तपासणीला गेलात, हे फार चांगलं केलंत. आता ते अर्धवट सोडू नका.

तुमच्या रिपोर्टवर संसर्गाची नोंद आहे, कॅन्सरची नाही. हे वाक्य तुम्हाला डॉक्टरांनीही सांगितलं असेल, पण ‘उच्च-जोखीम’ हा शब्द डोळ्यांसमोर असताना ते कानात शिरत नाही. म्हणून जरा मुळापासून सांगते.

एचपीव्ही म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस. या एका नावाखाली दोनशेहून जास्त विषाणू येतात. त्यांच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन बनवणारं एक जनुक असतं. त्यात आधीच्या सगळ्या प्रकारांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त फरक सापडला की तो नवा प्रकार मानतात आणि त्याला पुढचा नंबर देतात. म्हणजे नंबर सापडण्याच्या क्रमाने पडलेले आहेत, धोक्याच्या क्रमाने नाहीत. १६ हा ६ पेक्षा धोकादायक आहे आणि ४२ पेक्षाही आहे.

यांतले बरेचसे प्रकार त्वचेवरच राहतात. हातापायांना येणाऱ्या साध्या चामखिळी १, २, ४ अशा प्रकारांमुळे होतात. जननेंद्रियं आणि गुदद्वार यांच्या भागात वाढणारे साधारण ४० आहेत. त्यांतले ६ आणि ११ हे तिथल्या चामखिळींचे मुख्य कारण. अशा दहा रुग्णांपैकी नऊ जणांत हेच दोन सापडतात. क्वचित ते स्वरयंत्रावरही गाठी आणतात, पण कॅन्सरच्या दृष्टीने त्यांना कमी जोखमीचे मानतात. आणि मग उरतो तो गट, ज्याच्यासाठी तुमची तपासणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १२ प्रकार माणसात निश्चितपणे कॅन्सर करणारे म्हणून नोंदवले आहेत: १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८ आणि ५९. ६८ हा ‘बहुधा करत असावा’ या गटात आहे. प्रयोगशाळेच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये या तेरांबरोबर ६६ धरून एकूण १४ प्रकार बघतात, आणि १६ व १८ वेगळे लिहून बाकीचे ‘इतर’ या एका ओळीत घालतात. तुमच्या मैत्रिणीच्या रिपोर्टवरची ‘इतर’ ही ओळ अशी आली.

आता तुमच्या नवऱ्याच्या चामखिळी. त्या बहुतेक करून ६ किंवा ११ ने झालेल्या असणार. चामखिळी दिसतात, त्रास देतात, माणसाला संकोचून टाकतात. म्हणून सगळ्यांच्या मनात ‘एचपीव्ही’ म्हटलं की त्याच येतात. १६ चं काही दिसत नाही. त्याने चामखीळ येत नाही, ताप येत नाही, खाज सुटत नाही. एकाच माणसाला दोन्ही गटांतले प्रकार असू शकतात, हे खरं आहे. पण त्यांच्या त्या जुन्या चामखिळींवरून ‘१६ यांच्याकडूनच आला’ असं सिद्ध होत नाही, आणि ‘आता कुठूनतरी आणला’ असंही सिद्ध होत नाही. याविषयी पुढे आणखी बोलायचं आहे.

१६ लाच इतकं वेगळं का वागवतात? हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या गटाने १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठींमध्ये हा १६ ओळखला आणि पुढच्या वर्षी १८. तोपर्यंत अनेक संशोधक हर्पिसच्या विषाणूवर संशय धरून बसले होते. त्सुर हाउझेन यांना या कामासाठी २००८ चं नोबेल मिळालं. नंतर जगभरातून नमुने तपासले गेले तेव्हा चित्र स्पष्ट झालं: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी निम्म्याहून जास्त एकट्या १६ मुळे, १६ आणि १८ मिळून साधारण ७० टक्के, आणि त्यात ३१, ३३, ४५, ५२, ५८ मिळवले की जवळपास ९० टक्के. गुदद्वाराच्या आणि घशाच्या मागच्या भागातल्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या ज्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही सापडतो, तिथे तर १६ चा वाटा याहून मोठा आहे.

याचं कारण ई६ आणि ई७ या दोन प्रथिनांत आहे. पेशीत बिघाड झाला की तिची वाढ थांबवणारं पी५३ नावाचं प्रथिन आपल्या शरीरात असतं. ई६ त्याचा नाश घडवून आणतं. पेशीने कधी दुभंगायचं यावर ताबा ठेवणारं आरबी नावाचं दुसरं प्रथिन असतं. ई७ त्याला निकामी करतं. ही ई६-ई७ तशी ६ आणि ११ कडेही आहेत, पण त्यांची पकड ढिली असते. १६ ची घट्ट. त्यातून १६ जास्त काळ टिकून राहण्याकडे झुकतो. बिघडलेली पेशी थांबत नाही, दुभंगत राहते, दर वेळी आणखी चुका साठत जातात. हे सगळं व्हायला वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या स्त्रीमध्ये संसर्गापासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं. एचआयव्हीसारख्या कारणाने ती कमजोर असेल आणि उपचार झाले नसतील तर ५ ते १० वर्षं.

आता नीट वाचा, कारण तुमची झोप इथे अडकली आहे. कॅन्सर झालेल्यांमध्ये १६ किती जणींना असतो, हा एक प्रश्न. १६ असलेल्यांमध्ये कॅन्सर किती जणींना होतो, हा दुसरा. रात्री मोबाइलवर तुम्ही पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचता आणि ते दुसऱ्याचं समजून छातीवर घेता. दुसऱ्याचं उत्तर फार निराळं आहे. लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी एचपीव्ही होऊन जातो आणि त्यांना पत्ताही नसतो. साधारण दहातले नऊ संसर्ग दोन वर्षांच्या आत शरीर आपणहून आवरतं. राहतात त्यांतलेही सगळे पुढे जात नाहीत. धोका असतो तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेल्या संसर्गाला, आणि तोही कुणी बघत नसेल तर.

मग मैत्रिणीला वर्षभर आणि तुम्हाला लगेच, असा फरक का? अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी लाखो स्त्रियांच्या नोंदींवरून एक रेषा ठरवली आहे: गंभीर कर्करोगपूर्व बदल आत्ता असण्याची शक्यता ४ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कोल्पोस्कोपी करायची. पॅप सामान्य आणि १६ आढळलेला, अशा स्त्रियांमध्ये ही शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास निघते. म्हणजे तुमच्यासारख्या १०० जणींची कोल्पोस्कोपी केली तर सुमारे ९५ जणींत गंभीर काही सापडत नाही. त्या पाच जणी मात्र सापडायला हव्यात, आणि तुम्ही ९५ मध्ये आहात की ५ मध्ये हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. ‘इतर’ प्रकार असतील आणि पॅप सामान्य असेल तर आकडा त्या रेषेच्या खाली राहतो. वर्षभरात बहुधा संसर्ग निघून जातो, उगाच तपासण्यांचा ताप कशाला, असा तो हिशोब. डॉक्टरांनी दोघींना वेगळं सांगितलं ते बरोबरच सांगितलं. (१८ असता तरी तुम्हाला कोल्पोस्कोपीच सांगितली असती. १८ चे बदल बऱ्याचदा गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीत होतात आणि पॅपमध्ये ते निसटतात.) फक्त मैत्रिणीला एक सांगा: ‘वर्षभराने परत या’ याचा अर्थ वर्षभराने परत जायचं, असाच आहे. ३१ किंवा ३३ हेही साधे प्रकार नाहीत, आणि पुढच्या वर्षीही तिचा रिपोर्ट पॉझिटिव्हच आला तर तिलाही बहुतेक कोल्पोस्कोपी सांगतील.

पॅप सामान्य असताना आणखी तपासणी कशाला, असाही प्रश्न तुमच्या मनात आहेच. पॅपमध्ये ब्रशला जेवढ्या पेशी लागून येतात तेवढ्याच बघितल्या जातात. बदल छोटा असेल, कोपऱ्यात असेल, तर तो ब्रशला लागेलच असं नाही. कोल्पोस्कोपीत डॉक्टर भिंगातून सगळं गर्भाशयमुख प्रत्यक्ष बघतात.

ती करताना काय होतं ते सांगते, कारण न माहीत असलेल्या गोष्टीचीच तारीख माणूस ढकलतो. पॅपच्या वेळी जसं झोपवलं होतं तसंच झोपवतात, तसंच उपकरण आत घालून योनिमार्ग उघडा धरतात. कोल्पोस्कोप हे भिंग बाहेरच राहतं, शरीरात जात नाही. गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात, थोडं झोंबतं. बदललेल्या पेशींचा भाग त्याने काही वेळ पांढरा दिसतो. काही वेळा नंतर आयोडीन लावतात. निरोगी भाग तपकिरी होतो, बदललेला पिवळसर राहतो. संशयास्पद दिसलं तर तिथून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, तीच बायोप्सी. त्या वेळी चिमटा बसल्यासारखं होतं किंवा पाळीसारखी कळ येते. सगळं मिळून दहा-वीस मिनिटं. बायोप्सी झाली तर एक-दोन दिवस थोडं रक्त किंवा काळपट स्राव जाऊ शकतो. पाळीत जास्त रक्तस्राव होत असतो ते दिवस टाळून तारीख घ्या. आदल्या दिवशी संबंध, योनीत घालायची औषधं हे टाळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा. सोबत कुणाला तरी न्या. खूप दुखतंय असं वाटलं तर थांबा म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे. चांगले डॉक्टर थांबतात.

बायोप्सी झाली तर रिपोर्टवर ‘सीआयएन’ आणि पुढे १, २ किंवा ३ असा आकडा दिसेल. हे कॅन्सरचे टप्पे नव्हेत, हे आत्ताच मनाशी पक्कं करा. अनेक जणी इथे दचकतात आणि ‘तिसऱ्या स्टेजला गेलं’ असं समजून कोसळतात. सीआयएन म्हणजे वरच्या थरातल्या पेशींमध्ये झालेला बदल, जो अजून खाली उतरलेला नाही. सीआयएन १ हा बहुतेक वेळा नुसता संसर्ग चालू असल्याची खूण असतो आणि आपणहून मावळतो. त्यावर नजर ठेवतात. सीआयएन २ बाबत वय आणि पुढे मूल हवं आहे का हे बघून ठरवतात. सीआयएन ३ वर मात्र उपचार करतात.

हा उपचार किती फरक पाडतो याचा एक दुःखद पुरावा न्यूझीलंडमध्ये आहे. तिथल्या एका रुग्णालयात १९५० ते ७० च्या दशकांमध्ये सीआयएन ३ असलेल्या काही स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसतं बघत राहिले होते. पुढे त्यांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की ज्यांच्यावर नीट उपचार झाले नाहीत त्यांच्यापैकी ३१ टक्के स्त्रियांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांना वेळेवर पुरेसा उपचार मिळाला त्यांच्यात हे प्रमाण ०.७ टक्के होतं. त्या स्त्रियांच्या बाबतीत जे झालं ते व्हायला नको होतं, आणि त्यांची आठवण ठेवूनच मी हे आकडे तुमच्यासमोर ठेवते आहे. सगळ्यात पुढच्या पायरीवरचा बदलसुद्धा, त्यावर पुरेसा उपचार न होता, तीनातल्या दोघींमध्ये तीस वर्षांत कॅन्सरपर्यंत गेला नाही. आणि उपचार केला तर तो धोका शंभरात एकीच्याही खाली आला.

उपचारही पूर्वीसारखा मोठा राहिलेला नाही. विजेच्या पातळ तारेच्या वेटोळ्याने गर्भाशयमुखाचा तेवढाच भाग काढतात, किंवा बदल छोटा आणि पूर्ण दिसणारा असेल तर तो गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करतात. तारेच्या उपचारासाठी बऱ्याचदा तेवढी जागा बधिर करून भागतं आणि त्याच दिवशी घरी येता येतं. जास्त खोल भाग काढावा लागला तर पुढच्या बाळंतपणात मूल वेळेआधी होण्याची शक्यता थोडी वाढते. तुम्हाला मूल नको आहे, पण हे वाचणाऱ्या एखादीला हवं असेल तर तिने ते उपचाराआधीच डॉक्टरांना सांगावं.

म्हणूनच गर्भाशय काढण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तो तुमच्या मनात का आला ते मला समजतं: घरातून एकदाची ती गोष्टच जाऊ दे, अशी ती घाई आहे. पण नुसत्या एचपीव्ही संसर्गासाठी गर्भाशय काढणं हा उपचारच नाही. हा विषाणू गर्भाशयमुखापुरता नसतो, योनीच्या आवरणातही राहू शकतो. गर्भाशय गेलं तरी तिथे बदल होऊ शकतात आणि तपासण्या चालूच ठेवाव्या लागू शकतात. एवढी मोठी शस्त्रक्रिया, तिचे धोके, आणि हाती काय, तर ज्यासाठी केली ती गोष्ट संपलीच नाही. कुणी तुम्हाला एवढ्याशा रिपोर्टवर गर्भाशय काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

तसंच ‘एचपीव्ही घालवणाऱ्या’ गोळ्या, पावडरी, थेंब यांच्या जाहिराती तुम्हाला आता दिसायला लागल्या असतील, कारण तुम्ही रोज तेच शोधता आहात. हा संसर्ग हमखास घालवेल असं सिद्ध झालेलं औषध आज नाही. पैसे जातील, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘औषध चालू आहे’ या समाधानात तपासणी राहील. तुमच्या हातात खरोखर असलेली एक गोष्ट सांगते: तुम्ही सिगारेट ओढत असाल तर सोडा. धूम्रपानाने संसर्ग टिकून राहण्याची आणि बदल पुढे सरकण्याची शक्यता वाढते.

आणि संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, दुर्गंधीचा किंवा रक्तमिश्रित स्राव, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणं, यांतलं काही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही. हे १६ असणाऱ्यांसाठी आहे, नसणाऱ्यांसाठीही आहे.

आता नवऱ्याविषयी. तुमच्या पत्रात सगळ्यात जड ओळ तीच आहे, असं मला वाटलं. हा विषाणू कधी शिरला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. तो शरीरात इतका कमी प्रमाणात राहू शकतो की चाचणीत वर्षानुवर्षं दिसत नाही, आणि पुढे कधीतरी पुन्हा दिसायला लागतो. आज पॉझिटिव्ह आलेला १६ गेल्या वर्षीचा असेल, लग्नाच्या सुरुवातीचा असेल, त्याआधीचा असेल. तुमच्याकडून त्यांना गेलेला असेल किंवा त्यांच्याकडून तुम्हाला आलेला असेल. या रिपोर्टच्या आधारे कुणाच्याही प्रामाणिकपणाचा निकाल लावता येत नाही. तुम्हाला त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुठल्या कारणाने शंका असेल तर ती वेगळी गोष्ट, तिच्याबद्दल वेगळं बोलावं लागेल. पण हा कागद त्यात पुरावा म्हणून धरू नका.

आणि त्यांना सांगा. सांगायचंच, असा नियम नाही. पण हे एकटीने वाहून तुमची झोप गेली आहे, आणि ज्या माणसाने लग्नाआधीच्या चामखिळींची गोष्ट तुम्हाला आपणहून सांगितली, तो हेही ऐकून घेईल असं मला वाटतं. एवढंच म्हणा: ‘तपासणीत एक विषाणू सापडलाय, तो बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतो, माझ्यात कॅन्सर सापडलेला नाही, पुढची एक तपासणी करायची आहे आणि तू सोबत यावंस.’ ते विचारतील, मीही तपासून घेऊ का? पुरुषांसाठी अशी नेहमीच्या वापरातली मान्य चाचणी नाही, आणि त्यांच्यातल्या संसर्गावर औषधही नाही. त्यांना काही गाठ, व्रण किंवा नवी चामखीळ दिसली तर मात्र त्यांनी दाखवून घ्यावं. संबंध थांबवायची गरज नाही. कंडोमने संसर्गाची शक्यता कमी होते, पूर्ण टळत नाही, कारण कंडोम न झाकणाऱ्या त्वचेवरूनही विषाणू जातो. इतकी वर्षं एकत्र असलेल्या जोडप्यात तो बहुधा दोघांकडे आधीच पोचलेला असतो.

तुम्ही लस घ्यावी का? ही लस असलेला संसर्ग घालवत नाही, झालेले बदल मागे फिरवत नाही. तुमच्या वयाला ती काही देशांत ४५ पर्यंत मान्य आहे आणि ज्या प्रकारांशी अजून गाठ पडलेली नाही त्यांच्यापासून थोडं संरक्षण मिळू शकतं, पण तिशी-चाळिशीत एकूण फायदा कमी. कोल्पोस्कोपीच्या भेटीतच डॉक्टरांना विचारा. माझ्या मते आज तुमचा वेळ आणि पैसा आधी तपासणीकडे जावा.

मुलीला मात्र द्या, आणि लवकर द्या. टॉवेलची काळजी सोडून द्या. हे प्रकार जवळिकीच्या त्वचेच्या संपर्कातून पसरतात, एका घरात राहून, एका ताटात जेवून, मिठी मारून नाही. लशीसाठी तिचं वय अगदी योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटना ९ ते १४ वर्षांच्या मुलींवर मुख्य भर देते, कारण संसर्गाशी गाठ पडण्याआधी दिलेली लस सर्वांत जास्त काम करते, आणि या वयात शरीराचा प्रतिसादही जोरदार असतो. २०२२ पासून संघटनेने या वयासाठी एक किंवा दोन डोस, दोन्ही पर्याय मान्य केले आहेत. तुमच्याकडे जे वेळापत्रक आहे ते पाळा. लशीत विषाणू नसतो, त्याची जनुकंही नसतात. असतं ते फक्त त्याच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन, त्यामुळे लशीने संसर्ग होणं शक्यच नाही. स्वीडनमध्ये लाखो मुलींच्या नोंदींवरून २०२० मध्ये जे प्रसिद्ध झालं त्यात १७ वर्षांच्या आधी लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळलं.

कुठली लस, हेही विचाराल. सगळ्या लशींमध्ये १६ आणि १८ आहेतच. चार प्रकारांच्या लशीत ६ आणि ११ ही आहेत, म्हणजे चामखिळीही टळतात. नऊ प्रकारांच्या लशीत त्यांच्याशिवाय ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८. परवडत असेल आणि मिळत असेल तर नऊची घ्या. पण तिच्यासाठी पैसे साठवत दोन वर्षं थांबण्यापेक्षा आज मिळते ती आज दिलेली बरी. लस देताना मुलीला काय सांगायचं याचं दडपण घेऊ नका. ‘मोठेपणी होणाऱ्या एका कॅन्सरपासून बचाव करणारी लस’ एवढं बाराव्या वर्षी पुरतं, आणि ते खरंही आहे. टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवा. या वयात काही मुलींना इंजेक्शननंतर चक्कर येते. लस घेतली म्हणून तिची पुढची तपासणी टळत नाही, कारण नऊ प्रकारांच्या लशीतही ३५, ३९, ५१, ५६, ५९ हे नाहीत. साधारण तिशीपासून, किंवा तुमच्या देशात जे वय ठरलं असेल तेव्हापासून, तिलाही ठरलेल्या अंतराने जावं लागेल.